वाचकांचे प्रश्न : लेखाशास्त्र आणि कायदा यांची संयुक्त पदवी

लेखाशास्त्र आणि कायदा हे दोन्ही विषय एकत्र शिकवणाऱ्या विद्यापीठीय पदवीविषयी वाचकांची पत्रे येत असतात. त्यांतील पाच पत्रे येथे संक्षिप्त करून, लिहिणाऱ्यांची नावे वगळून दिली आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण या अभ्यासाचा खरा कस तिथे लागतो.

प्रश्न : माझे शालेय शिक्षण आता संपत आहे. मला हिशेब आवडतात आणि वादविवादही आवडतो. संयुक्त पदवी घेतली तर दोन्ही विषय अर्धेमुर्धे शिकून होतील, अशी भीती घरचे घालतात. ती खरी आहे का? आणि वेळ खरोखर वाचतो का?

उत्तर : वेळ वाचतो, पण तो कोठून वाचतो हे प्रवेश घेण्याआधी समजून घ्या. दोन पदव्या एकापाठोपाठ घेतल्या तर साधारण सहा-सात वर्षे लागतात आणि संयुक्त अभ्यासक्रम बहुधा पाच वर्षांचा असतो. ही बचत अनिवार्य विषय कमी करून होत नाही. एका पदवीतील ऐच्छिक विषयांच्या जागी दुसऱ्या पदवीचे अनिवार्य विषय बसवले जातात आणि त्यातून वर्ष-दोन वर्षे वाचतात. म्हणजे विषय अर्धेमुर्धे होत नाहीत; तुमचे निवडीचे स्वातंत्र्य मात्र आक्रसते. ज्याला याच काळात इतिहास, तत्त्वज्ञान किंवा एखादी परकी भाषाही शिकायची आहे, त्याला हा अभ्यासक्रम फार घट्ट वाटेल.

कायद्याच्या बाजूला काटछाट होऊ शकत नाही, याचे कारण वकिली व्यवसायाच्या प्रवेशाचे नियम हे आहे. ऑस्ट्रेलियात १९९२ पासून अकरा ज्ञानक्षेत्रांची एक यादी प्रमाण मानली जाते. ती तयार करणाऱ्या समितीच्या अध्यक्ष न्यायमूर्तींच्या नावावरून तिला ‘प्रीस्टली इलेव्हन’ म्हणतात. करार, अपकृत्य (दुसऱ्याला पोहोचवलेल्या हानीच्या भरपाईचा कायदा), मालमत्ता, फौजदारी कायदा, पुरावा, कंपनी कायदा, घटनात्मक कायदा, व्यावसायिक नीती यांसारखी क्षेत्रे तिच्यात येतात, आणि पदवी एकेरी असो वा जोड, ती शिकावीच लागतात. भारतात वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांनुसार शालेय शिक्षणानंतर पाच वर्षांची एकात्मिक पदवी किंवा आधीच्या पदवीनंतर तीन वर्षांची कायद्याची पदवी, असे दोन मार्ग आहेत. अमेरिकेत कायद्याचे शिक्षण मुळातच पहिल्या पदवीनंतर सुरू होते, त्यामुळे तिथली जोड पदव्युत्तर पातळीवर घातली जाते. तेव्हा एकाच नावाची पदवी सगळीकडे सारखी असेल असे धरून चालू नका.

महाविद्यालयाला विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न लेखाशास्त्राच्या बाजूचा आहे. लेखापालांच्या व्यावसायिक संस्था काही विशिष्ट विषय शिकलेल्यांना आपल्या परीक्षांतील काही पेपरांतून सूट देतात. संयुक्त पदवीत जागा अपुरी पडली की लेखापरीक्षण किंवा प्रगत वित्तीय अहवाललेखन हेच विषय ऐच्छिक ठरतात, विद्यार्थी ते सोडून देतो आणि पदवी हातात आल्यावर सूट मिळत नाही. पहिल्याच वर्षी हे तपासा.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. ‘दोन्हींतले काय निवडावे हे ठरत नाही म्हणून दोन्ही घेतो’ हे कारण पाच वर्षे पुरत नाही. हे दोन विषय एकमेकांना जिथे भिडतात, त्या सांध्याविषयी कुतूहल असेल तर जरूर घ्या.

प्रश्न : मी संयुक्त पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहे. लेखाशास्त्रात मला उत्तम गुण मिळतात, पण कायद्याच्या पेपरात नियम बरोबर लिहूनही ‘विश्लेषण नाही’ असा शेरा मिळतो. माझे काय चुकते?

उत्तर : तुमची सवय चुकते आहे आणि ती सवय तुम्हाला लेखाशास्त्राच्या पहिल्या वर्षाने लावली आहे. कीर्द लिहिली, खतावणी केली, तेरीज (दोन्ही बाजूंच्या बेरजांचा ताळा) जुळली, की आपण बरोबर आहोत याची खूण कागदावरच मिळते. कायद्याच्या उत्तराला अशी तेरीज नसते. तिथे दोन समंजस माणसे एकाच नियमावरून विरुद्ध निष्कर्षांना पोहोचू शकतात, आणि तसे ती का पोहोचतात हे दाखवणे म्हणजेच विश्लेषण. नियम लिहून थेट निष्कर्ष दिला की परीक्षकाला मधली वाट दिसत नाही.

मात्र लेखाशास्त्रही वरच्या वर्गात गेल्यावर वाटते तितके निश्चित राहत नाही. एक उदाहरण घेऊ. खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्यावर एका ग्राहकाने दावा लावला आहे. खुर्ची मोडली, पाठीला इजा झाली, भरपाई द्या, असे त्याचे म्हणणे आहे. दाव्याचा निकाल लागण्याआधी कारखान्याचे आर्थिक वर्ष संपते.

कायद्याच्या वर्गात विचारतात : कारखान्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य होते का, ते मोडले का, इजा त्यामुळेच झाली का, आणि ग्राहकाने खुर्चीवर उभे राहून ती भलत्याच कामाला वापरली असेल तर काय? लेखाशास्त्राच्या वर्गात विचारतात : वर्षअखेरीच्या ताळेबंदात काय लिहायचे? आंतरराष्ट्रीय लेखामानकांतील ३७ वे मानक १९९८ मध्ये जाहीर झाले. ते सांगते की पूर्वी घडलेल्या घटनेमुळे आज एखादे दायित्व अस्तित्वात असेल, त्यापायी पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा अधिक असेल आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज करता येत असेल, तर तरतूद करा, म्हणजे ती रक्कम ताळेबंदात देणे म्हणून दाखवा. शक्यता त्याहून कमी असेल, तर आकडा ताळेबंदात न घेता टिपणीत माहिती द्या. शक्यता अगदी दूरची असेल, तर काहीच लिहू नका.

आता पाहा, तरतूद करायची की नुसती टिपणी द्यायची हा लेखापालाचा निर्णय पूर्णपणे दावा हरण्याच्या शक्यतेवर उभा आहे, आणि ती शक्यता ठरवायला दोन्ही बाजूंचे युक्तिवाद तोलावे लागतात. जे विश्लेषण तुम्ही कायद्याच्या पेपरात टाळता, तेच लेखाशास्त्राच्या पेपरात तुम्हाला करावे लागणार आहे. आणखी एक बारकावा याच मानकात आहे. टिपणीत फार तपशील दिला तर वादीच्या वकिलाला आयते हत्यार मिळेल, हे मानक लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून अत्यंत दुर्मीळ प्रसंगी, तपशील उघड केल्याने आपली बाजू गंभीरपणे दुबळी होणार असेल, तर वादाचे सर्वसाधारण स्वरूप आणि तपशील न देण्याचे कारण एवढेच सांगून थांबण्याची मुभा त्यांनी ठेवली. न्यायालयातील डावपेच माहीत असल्याखेरीज हा परिच्छेद समजत नाही.

सराव असा करा. प्रत्येक प्रश्नात आधी वादीच्या वतीने शक्य तितका भक्कम युक्तिवाद लिहा, मग प्रतिवादीच्या वतीने तितक्याच निष्ठेने लिहा. त्यानंतर कोणता युक्तिवाद जड वाटतो आणि का, ते सांगा. शेवटी एक वाक्य असे जोडा, की कोणते तथ्य बदलले असते तर तुमचे मत बदलले असते. हे शेवटचे वाक्य लिहिता येत नसेल, तर विश्लेषण अजून झालेले नाही असे समजा.

प्रश्न : कायद्याच्या वर्गात शिकवतात की भाडेकराराने मालकी मिळत नाही. लेखाशास्त्राच्या वर्गात तीच भाड्याने घेतलेली वस्तू मालमत्ता म्हणून ताळेबंदात लिहायला लावतात. यांतले खरे कोणते मानायचे?

उत्तर : दोन्ही खरे आहे, कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. या पत्राचे मला विशेष अप्रूप वाटले. ज्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडत नाही, तो दोन पदव्या शेजारी शेजारी ठेवून घेत असतो; त्या जोडत नसतो.

आधी दोघे कुठे सहमत आहेत ते पाहू. लेखाशास्त्र पहिल्याच आठवड्यात सांगते की धंदा वेगळा आणि मालक वेगळा. मालकाने स्वतःचे पैसे घातले तरी धंदा ते मालकाचे देणे म्हणून लिहितो. कायद्यात हीच गोष्ट ‘सॉलोमन विरुद्ध सॉलोमन आणि कंपनी’ या खटल्यात ठाम झाली. आरोन सॉलोमन हे चामड्याचे बूट बनवणारे व्यावसायिक. त्यांनी आपला चालू धंदा स्वतःच स्थापन केलेल्या कंपनीला विकला. कंपनीच्या २०,००७ भागांपैकी (शेअर्सपैकी) २०,००१ त्यांच्याकडे होते आणि उरलेले सहा भाग पत्नी व मुलांकडे एकेक असे होते. किमतीपोटी त्यांनी कंपनीकडून १०,००० पौंडांचे तारण कर्जरोखेही घेतले. कंपनी बुडाल्यावर, ही कंपनी म्हणजे सॉलोमनच, असे म्हणत अवसायकाने (बुडालेल्या कंपनीचा कारभार गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याने) त्यांच्यावर दायित्व टाकण्याचा प्रयत्न केला, आणि खालच्या न्यायालयांनी तो मान्यही केला. ब्रिटनचे तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने नोव्हेंबर १८९६ मध्ये तो फेटाळला. निकालसंग्रहात तो १८९७ चा म्हणून छापला गेला आहे. रीतसर नोंदलेली कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे, तिचे भाग कोणाकडे किती आहेत याने फरक पडत नाही, असा तो निर्णय होता. व्यापारी वह्यांत शतकानुशतके चालत आलेली रीत आणि न्यायालयाचे तत्त्व इथे हातात हात घालून चालतात. तरी एक भेद लक्षात ठेवा : एकट्याच्या मालकीच्या, नोंदणी नसलेल्या धंद्यालाही लेखापाल वेगळे मानतो, कायदा मानत नाही. तो धंदा बुडाला तर मालकाचे घरही जाते.

आता तुमचा भाडेकरार. लेखाशास्त्र व्यवहाराच्या नावापेक्षा त्याच्या आर्थिक आशयाला महत्त्व देते. ठरल्या तारखेला परत घ्यावेच लागतील असे प्राधान्य भाग कायद्याने भांडवलच म्हणवतात, पण ते पैसे फेडायचेच आहेत म्हणून आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ते देणे म्हणून दाखवतात. भाडेकरारांसाठीचे मानक, म्हणजे आय.एफ.आर.एस. (आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाललेखन मानक) १६, जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झाले आणि १ जानेवारी २०१९ पासून लागू झाले. त्याआधी विमाने, दुकाने, कार्यालये दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेणाऱ्या कंपन्यांची मोठी बांधिलकी ताळेबंदाबाहेर राहत असे. नव्या मानकाने भाडेकरूला, थोड्या अपवादांखेरीज, ही बांधिलकी देणे म्हणून लिहायला लावली. पण नीट वाचा : भाडेकरू मालमत्ता म्हणून लिहितो ते विमान नव्हे, तर ते विमान मुदतभर वापरण्याचा हक्क. म्हणजे मानक कायद्याशी भांडत नाही. कायद्याने जो हक्क दिला, त्यालाच ते किंमत लावते. त्याचप्रमाणे महसुलाचे मानक, आय.एफ.आर.एस. १५, पाच पायऱ्या सांगते आणि त्यांतली पहिली पायरी आहे : अंमलात आणता येईल असा करार झाला आहे का? त्याचे उत्तर लेखाशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही, करार कायद्यातच शोधावे लागते.

दोन विषयांमधील ही जागा धोक्याचीही असते. लेहमन ब्रदर्स ही बँक १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळखोरीत गेली. न्यायालयाने नेमलेल्या परीक्षकाचा अहवाल मार्च २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ‘रेपो १०५’ नावाच्या व्यवहारांचे सविस्तर वर्णन आहे. रेपो म्हणजे रोखे देऊन रोकड घ्यायची आणि थोड्या दिवसांनी ते परत विकत घ्यायचे. व्यवहारात हे कर्जच असते आणि एरवी ते तसेच नोंदवतात. लेहमनने १०० ची रोकड घेताना किमान १०५ किमतीचे रोखे दिले आणि तत्कालीन अमेरिकी लेखामानकाचा आधार घेऊन त्या व्यवहाराची नोंद विक्री म्हणून केली. मिळालेल्या रोकडीतून इतर देणी फेडून तिमाहीअखेरीचा ताळेबंद हलका दाखवायचा, आणि काही दिवसांतच रोखे परत घ्यायचे. २००८ च्या दुसऱ्या तिमाहीअखेरीस असे सुमारे ५० अब्ज डॉलरचे रोखे ताळेबंदाबाहेर होते. मात्र विक्री म्हणून नोंद करायला ही कायद्याच्या दृष्टीने खरी विक्री आहे असे कायदेशीर मत लागत होते. अमेरिकी कायद्याखाली तसे मत देणारी पेढी लेहमनला मिळाली नाही. म्हणून इंग्लिश कायद्याखालील मत घेऊन हे व्यवहार लंडनमधील संलग्न कंपनीमार्फत केले गेले.

हा प्रसंग मी प्रत्येक संयुक्त पदवीच्या वर्गात शिकवावा असे म्हणेन. कायद्याच्या टेबलावर विचारलेल्या नेमक्या प्रश्नाचे नेमके उत्तर दिले गेले. लेखाशास्त्राच्या टेबलावर त्या उत्तरावर विसंबून नियम लावला गेला. दोन्ही कागद हातात घेऊन ‘पण गुंतवणूकदाराला यातून खरे चित्र दिसते का?’ असे विचारणारा माणूस मध्ये उभा असायला हवा होता. तुम्ही पत्रात विचारलेला प्रश्न त्याच जातीचा आहे. तो विचारत राहा.

प्रश्न : ही पदवी मिळाल्यावर मला एकाच वेळी वकील आणि लेखापरीक्षक म्हणून काम करता येईल का?

उत्तर : पदवी म्हणजे परवाना नव्हे. दोन्ही व्यवसायांच्या परीक्षा, उमेदवारी आणि सनद यांची व्यवस्था वेगळी असते, आणि दोन्ही परवाने मिळाले तरी एकाच अशिलासाठी दोन्ही टोप्या घालता येत नाहीत. कारण निष्ठेची दिशा वेगळी आहे. वकील अशिलाची बाजू मांडतो आणि त्याचे गुपित राखतो. लेखापरीक्षक कंपनीकडून मोबदला घेतो, पण त्याचे मत इतरांसाठी असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ‘आर्थर यंग’ प्रकरणात ही सार्वजनिक जबाबदारी स्पष्ट केली, आणि लेखापरीक्षकाच्या करविषयक कामाच्या कागदपत्रांना वकिलाच्या कागदांसारखे संरक्षण नाकारले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ‘प्रुडेन्शियल’ खटल्यात पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने ठरवले, की कायदेशीर सल्ल्याच्या गोपनीयतेचा विशेषाधिकार लेखापालाने दिलेल्या करसल्ल्याला मिळत नाही, मग तो सल्ला वकिलाने दिला असता तर अगदी तसाच असता तरीही. या दोन निकालांचे वाचन करा. आपण कोणत्या भूमिकेत बोलत आहोत हे आधी सांगणे का आवश्यक असते, ते लक्षात येईल.

लेखापरीक्षकाची जबाबदारी कुणाप्रत आणि किती, हाही दोन विषयांच्या सीमेवरचा प्रश्न आहे. १८९६ मध्ये किंग्स्टन कॉटन मिलच्या प्रकरणात व्यवस्थापकाने मालसाठा फुगवून दाखवला होता आणि लेखापरीक्षकांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला होता. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले आणि लेखापरीक्षक हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, अशी उपमा दिली. १९९० च्या ‘कपारो’ खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटले, की वैधानिक, म्हणजे कायद्याने सक्तीचे, लेखापरीक्षण भागधारकांना एकत्रितपणे कंपनीवर देखरेख करता यावी यासाठी असते. ते वाचून भाग विकत घेणाऱ्या गुंतवणूकदाराप्रत लेखापरीक्षकाचे काळजीचे कर्तव्य नाही. मला स्वतःला हा निकाल तर्काला धरून आहे असे वाटते, पण गुंतवणूकदार लेखे नेमके कशासाठी वाचतात हे पाहिले की तो अपुराही वाटतो.

प्रत्यक्षात या पदवीधरांना दिवाळखोरी आणि अवसायन, करविवाद, आर्थिक गुन्ह्यांचा तपास, कंपन्यांचे विलीनीकरण या क्षेत्रांत चांगले काम मिळते. तिथे ताळेबंद वाचता येणारा वकील किंवा करारनामा वाचता येणारा लेखापाल लागतोच.

प्रश्न : माझी मुलगी या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षात आहे. ती थकली आहे आणि कायद्याची बाजू सोडायची म्हणते. तिला थांबवावे का?

उत्तर : आपली काळजी मी समजू शकतो. तिला थांबवू नका आणि घाईही करू देऊ नका. तिसरे-चौथे वर्ष या अभ्यासक्रमात सर्वांत जड असते, कारण एका बाजूने लेखापरीक्षण आणि प्रगत अहवाललेखन येते, तर दुसऱ्या बाजूने पुरावा आणि दिवाणी प्रक्रिया. त्यामुळे थकवा विषयाचा आहे की वेळापत्रकाचा, हे आधी वेगळे करावे लागेल. एका सत्रात विषयांची संख्या कमी करून पाहण्याची सोय बऱ्याच विद्यापीठांत असते. पदवी सहा महिन्यांनी लांबली तर काही बिघडत नाही. तिला एवढेच विचारा, की परीक्षा नसती तरी कोणत्या विषयाचे पान तिने उलटले असते. उत्तर केवळ लेखाशास्त्र असे आले, तर एकेरी पदवी घेऊन बाहेर पडण्याची तरतूद आहे का, आतापर्यंतचे कायद्याचे विषय ऐच्छिक म्हणून धरले जातील का, आणि अर्जाची मुदत कधी आहे, या तीन गोष्टी विद्यापीठाकडून लेखी घ्या. बहुतेक ठिकाणी करार आणि कंपनी कायदा तिच्या पदवीत मोजले जातील, आणि लेखापाल म्हणून काम करताना तिला त्यांचा रोज उपयोग होईल. निर्णय तिचा असू द्या. मुदत चुकणार नाही एवढे आपण पाहा.